मामाचा स्कॅन आणि उंदराचा मेंदू

मामाच्या एमआरआयचा रिपोर्ट आईने माझ्या हातात दिला तेव्हा मी फार्मसीच्या तिसऱ्या वर्षाला होते. बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलातून आम्ही तिघं पणजीला आलो होतो आणि फोंड्याच्या कदंब बसची वाट बघत स्टँडवर उभे होतो. रिपोर्टातल्या एका ओळीखाली आईने पेनाने रेघ मारली होती. वयाच्या मानाने मेंदूचा बाहेरचा थर किंचित आकसलेला दिसतो, असा त्या ओळीचा अर्थ. मामा तेव्हा ४४ वर्षांचा होता. स्किझोफ्रेनियाच्या गोळ्या सुरू होऊन त्याला १८ वर्षं झाली होती.

"हे दुखण्यामुळे की गोळ्यांमुळे गो?" आईने विचारलं.

डॉक्टरांनाही तिने हेच विचारलं होतं. ते जरा थांबून म्हणाले होते, "एका फोटोवरून हे कोणालाच सांगता येणार नाही." तेव्हा मला ते टाळल्यासारखं वाटलं. पुढे सात वर्षं उंदरांच्या मेंदूचे स्कॅन काढल्यावर कळलं, की ते उत्तर अगदी नेमकं होतं.

हल्ली फोंडा, डिचोली, पेडण्याकडची मुलंमुली मला विचारतात, की मानसिक आजारांवरच्या संशोधनात यायचंय, पण प्राण्यांच्या मेंदूच्या इमेजिंगचा त्याच्याशी काय संबंध? त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. सुरुवात आईच्या प्रश्नानेच करते, कारण माणसांत जे शोधता येत नाही ते प्राण्यात का शोधावं लागतं, हे त्या प्रश्नातून सगळ्यात स्पष्ट कळतं.

स्किझोफ्रेनिया असलेल्या माणसांच्या मेंदूचं आकारमान सरासरीने थोडं कमी भरतं, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलेलं आहे. पण ही माणसं औषधं घेत असतात, आणि घेतलीच पाहिजेत. मग आकसणं आजाराचं किती आणि औषधाचं किती, हे वेगळं कसं करणार? आजार नसलेल्या माणसाला वर्षानुवर्षं हॅलोपेरिडॉलसारखं स्किझोफ्रेनियावरचं औषध देऊन बघता येत नाही. आजारी माणसाचं औषध मुद्दाम बंद ठेवून वाट बघणं तर त्याहून वाईट. उंदराला स्किझोफ्रेनिया नसतो. या क्षेत्राबद्दल बोलताना लोक ही त्याची उणीव म्हणून सांगतात, पण या एका प्रश्नापुरता तोच त्याचा उपयोग आहे. आजार बाजूला ठेवून फक्त औषधाचा परिणाम बघता येतो.

लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या अँथनी व्हर्नन आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये नेमकं हेच केलं. निरोगी उंदरांना ८ आठवडे हॅलोपेरिडॉल किंवा त्याच कामाचं ओलान्झापिन दिलं आणि पुन्हा पुन्हा एमआरआय काढले. मेंदूचं एकूण आकारमान ६ ते ८ टक्क्यांनी घटलं, आणि ही घट मुख्यतः पुढच्या भागाच्या बाहेरच्या थरात होती. त्याआधी २००५ मध्ये मकाक माकडांना दीड-दोन वर्षं हीच औषधं देऊन त्यांच्या मेंदूचं वजन मोजलं गेलं होतं. तेही साधारण ८ ते ११ टक्के कमी भरलं होतं.

नवख्याने या प्रयोगात आकड्यांच्याही आधी औषध दिलं कसं ते बघावं. उंदराचं शरीर औषध फार लवकर बाहेर टाकतं. माणसात एक गोळी दिवसभर पुरते, तेच औषध उंदरात काही तासांत उतरतं. म्हणजे दिवसातून एक इंजेक्शन दिलं तर उंदीर रोज थोडा वेळ औषधाखाली आणि बाकीचा वेळ औषधाविना राहतो. रुग्णाच्या स्थितीशी त्याचं काही साम्य उरत नाही. म्हणून कातडीखाली एक बारीक पंप बसवतात आणि तो सतत थेंब-थेंब औषध सोडत राहतो. डोस किती, हे मिलिग्रॅमवरून ठरत नाही. मेंदूतले डोपामिनचे डी-२ रिसेप्टर, म्हणजे पेशींवरच्या ज्या जागांना हे औषध चिकटतं त्या, किती टक्के व्यापले जातात, त्यावरून ठरतं. माणसांत पीईटी स्कॅनने (मेंदूत औषध कुठे आणि किती चिकटलंय ते दाखवणाऱ्या) कळलेलं आहे, की साधारण ६५ टक्क्यांच्या वर गुण येतो आणि ८० टक्क्यांच्या आसपास हातपाय ताठरणं, कंप हे त्रास सुरू होतात. उंदरातही तेवढंच व्यापलं जाईल असा डोस निवडायचा. कुठलाही शोधनिबंध वाचताना आधी डोस आणि तो देण्याची पद्धत शोधा. निम्मे निबंध मी तिथेच बाजूला ठेवते.

आता नावांबद्दल थोडं. मराठीत आपण रॅटलाही उंदीर म्हणतो आणि माऊसलाही उंदीरच. प्रयोगशाळेत हे दोन वेगळे प्राणी आहेत. रॅटचा मेंदू साधारण २ ग्रॅमचा, माऊसचा अर्ध्या ग्रॅमहूनही कमी, आणि माणसाचा साधारण १३५० ग्रॅमचा. जनुकं बदललेले प्राणी जास्त करून माऊस असतात. वागणुकीचे आणि औषधांचे प्रयोग बरेचदा रॅटवर होतात. पुढे मी मोठा उंदीर आणि छोटा उंदीर म्हणेन.

मुलाखतीत मला विचारलं होतं, "उंदीर उदास आहे हे तुम्ही कसं ओळखाल?" मी पाठ केलेलं उत्तर दिलं, पोहण्याच्या चाचणीचं. १९७७ मध्ये पोर्सोल्टने ती आणली. पाण्याच्या भांड्यात सोडलेला उंदीर हातपाय मारायचं थांबवून तरंगत राहिला, तर ती हताशा समजायची. नैराश्यावरची औषधं दिली की तो जास्त वेळ पोहतो, म्हणून ती औषधं तपासायला ही चाचणी वर्षानुवर्षं वापरली गेली. माझ्या पुढच्या गाइडने शांतपणे विचारलं, "तो दम राखायला शिकला असेल तर?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आज तेच मी नवीन मुलांना सांगते: उंदीर उदास आहे का, हे विचारूच नका. मन काय म्हणतं हे तो सांगू शकत नाही आणि आपण त्याच्या तोंडी घालू नये. विचारा, की अमुक ताणानंतर मेंदूचे अमुक दोन भाग एकमेकांशी पूर्वीसारखे बोलतात का? हा प्रश्न रुग्णाच्या मेंदूलाही तसाच विचारता येतो, त्याच यंत्राने, त्याच मापाने. इमेजिंगचं मोल इथे आहे. पिंजऱ्यातली वागणूक आणि दवाखान्यातली लक्षणं यांची तुलना ओढूनताणून करावी लागते. स्कॅनची तितकी ओढाताण करावी लागत नाही.

आणि हे तंत्र प्राण्यांत मागाहून आलं असं समजू नका. मेंदूचं काम दाखवणारा एफएमआरआय ज्या संकेतावर उभा आहे, तो सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये बेल लॅब्जमध्ये उंदरांच्याच मेंदूत दाखवला. रक्तातला ऑक्सिजन कमी-जास्त झाला की चित्र काळं-उजळ होतं, इतकी साधी गोष्ट होती ती. माणसांत ते दोन वर्षांनी आलं.

पण चित्रात काय दिसत नाही, हेही पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवायला हवं. बंगळूरच्या एनसीबीएस या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेत सुमंत्र चटर्जी आणि सहकाऱ्यांचं २००२ चं काम मी प्रत्येकाला वाचायला लावते. मोठ्या उंदरांना १० दिवस रोज २ तास हालता येणार नाही असं जखडून ठेवलं. स्मरणशक्तीशी जोडलेल्या हिप्पोकॅम्पसमधल्या पेशींच्या फांद्या आखूड झाल्या, आणि भीतीशी जोडलेल्या अमिग्डालातल्या पेशींच्या फांद्या उलट वाढल्या. एकच ताण, आणि मेंदूच्या दोन भागांवर परिणाम उलटा. त्याच गटाच्या २००४ च्या कामात, ताण थांबवून २१ दिवस गेल्यावर हिप्पोकॅम्पस सावरला, अमिग्डाला मात्र वाढलेलाच राहिला. हे सगळं सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं. एमआरआयच्या एका ठोकळ्यात, म्हणजे चित्राच्या सगळ्यात छोट्या तुकड्यात, अशा असंख्य फांद्या एकत्र येतात, त्यातली एकही सुटी दिसत नाही. म्हणून स्कॅन करणाऱ्याने पेशी बघणाऱ्याशी मैत्री ठेवावी. चित्राने जागा दाखवायची, आणि तिथे घडलं काय ते सूक्ष्मदर्शकाने सांगायचं.

पीएचडीला मी युरोपात गेले. भौतिकशास्त्र आपल्याला झेपेल का, या भीतीने आधी सहा महिने मी फक्त तेच वाचलं होतं. ते वाया गेलं नाही, पण खरं काम दुसरंच निघालं. पहिले दोन महिने मी स्कॅनरला हातही लावला नाही. उंदीर धरायला शिकले.

छोट्या उंदराला शेपटीने उचलायची जुनी सवय आहे. जेन हर्स्ट आणि रिबेका वेस्ट यांनी २०१० मध्ये दाखवलं, की शेपटीने उचललेले उंदीर हाताला भितात आणि चाचण्यांत जास्त घाबरट निघतात. नळीत शिरू देऊन किंवा ओंजळीत घेऊन उचललेले तसे राहत नाहीत. आपण चिंतेचा आजार मोजायला बसलोय आणि चिंता आपणच हाताने भरतोय, असं ते होतं. मी शेपटीने उचलायला शिकलेली होते, फार्मसीच्या प्रॅक्टिकलात. ती सवय मोडायला वेळ लागला. उंदीर रात्री जागतो, हेही विसरू नका. दुपारी दोनला त्याला स्कॅन करणं म्हणजे माणसाला रात्री दोनला उठवून नेण्यासारखं आहे. त्यामुळे दिवे उलटे ठेवलेल्या खोलीत, मंद लाल उजेडात काम करायची सवय लावावी लागते.

मग भूल. माणसाला सांगता येतं, की दहा मिनिटं हलू नका. उंदराला भूल द्यावी लागते, आणि इथेच या क्षेत्रातलं सगळ्यात मोठं दुखणं आहे. आयसोफ्लुरेन हे भुलेचं औषध रक्तवाहिन्या पसरवतं. जास्त झालं तर मेंदूची विद्युत हालचालच थांबत थांबत चालते. आपण मोजतोय तो संकेत रक्तावरच उभा, म्हणजे भूल थेट मोजमापात उतरते. बऱ्याच प्रयोगशाळा आता अगदी थोडं आयसोफ्लुरेन आणि जोडीला गुंगीचं औषध मेडेटोमिडिन वापरतात, त्यात मेंदूच्या भागांचं एकमेकांशी बोलणारं जाळं बरं टिकतं. काही जण जागेपणी स्कॅन करतात. त्यासाठी उंदराला कित्येक दिवस आवाजाची आणि डोकं स्थिर ठेवायची सवय लावावी लागते. पण स्कॅनरच्या खडखडाटात जखडलेला जागा उंदीर शांत आहे असं धरून चालता येत नाही, आणि ताणावरच अभ्यास असेल तर हा प्रश्न आणखी बिकट होतो. मला विचाराल तर ताणाच्या अभ्यासात मी हलकी भूलच घेईन आणि तिची मर्यादा निबंधात स्पष्ट लिहीन.

माझे पहिले अकरा स्कॅन वाया गेले. जाळं कुठे दिसतच नव्हतं, सगळं करडं. तीन आठवडे मी कोडमध्ये चूक शोधत बसले. शेवटी ॲनिमल हाऊसमध्ये कित्येक वर्षं काम केलेल्या तंत्रज्ञ बाईंनी तापमानाची नोंद मागितली. उंदीर आत गेला की तासाभरात ३७ वरून ३४ अंशांवर येत होता. गरम पाण्याची नळी संकेत पकडणाऱ्या कॉइलच्या मागे दुमडली गेली होती, आणि तापमानाचा आकडा मी नोंदवत होते, बघत नव्हते. त्या अकरा प्राण्यांचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हापासून माझा नियम आहे: श्वास, तापमान आणि भुलेचं प्रमाण हे तीन आकडे स्कॅनइतकेच जपायचे, आणि चित्र उघडायच्या आधी बघायचे. डोळ्यांना मलम लावायला विसरू नका, भुलेत पापण्या मिटत नाहीत आणि डोळे कोरडे पडतात.

यंत्राबद्दल फार लिहीत नाही, ते तिथे गेल्यावर शिकवतात. दवाखान्यातला एमआरआय १.५ किंवा ३ टेस्लाचा असतो (चुंबकाची ताकद टेस्लात मोजतात). प्राण्यांसाठी ७, ९.४ किंवा ११.७ टेस्लाचे आणि अरुंद नळीचे असतात, कारण दीड सेंटिमीटर लांबीच्या मेंदूत दोन-तीन मिलिमीटरचे ठोकळे घेऊन भागत नाही. एक अडचण मात्र आधीच सांगते. उंदराच्या कानाच्या पोकळीतली हवा शेजारचं चित्र वाकडं करते, आणि शेजारीच अमिग्डाला असतो. मानसिक आजारांच्या अभ्यासात जो भाग सगळ्यात हवा असतो तोच सगळ्यात वाईट येतो. अमिग्डालावर मोठमोठे दावे करणारा निबंध दिसला की मूळ चित्र कुठे दाखवलंय ते बघा.

गोव्यात राहून हे शिकायचं तर यंत्रापासून सुरुवात करू नका, डेटापासून करा. प्राण्यांसाठीचे स्कॅनर देशात मोजक्याच ठिकाणी आहेत, पण उंदरांचे खरे स्कॅन ओपनन्यूरोसारख्या वेबसाइटवर फुकट मिळतात. ॲलन इन्स्टिट्यूटचा छोट्या उंदराच्या मेंदूचा नकाशाही सगळ्यांना खुला आहे. लिनक्स आणि पायथन येत नसेल तर आधी ते शिका. मी मराठी शाळेतली, बारावीपर्यंत कोडची एक ओळ लिहिलेली नव्हती, आणि तरी वर्षभरात कामापुरतं जमलं. मोठ्या उंदराचा एक स्कॅन उतरवून घ्या आणि एफएसएल किंवा एएफएनआयमध्ये उघडा. पहिल्याच दिवशी अडाल, कारण ही सॉफ्टवेअर माणसाच्या मेंदूच्या मापाने बांधलेली आहेत. आम्ही सगळे एक जुगाड करतो, ठोकळ्याचं माप दहापट मोठं लिहितो, म्हणजे सॉफ्टवेअरला तो माणसाएवढा मेंदू वाटतो. उंदीर नळीत पोटावर झोपतो, त्यामुळे वर-खाली आणि पुढे-मागेही बदललेलं असतं. डावं-उजवं उलटलेलं तर कित्येकदा लक्षातच येत नाही. माझ्या बाजूच्या टेबलावरचा एक मुलगा वर्षभर उलट्या बाजूचा हिप्पोकॅम्पस मोजत होता. तेव्हापासून आम्ही डोक्याच्या डाव्या बाजूला पाण्याची बारीक नळी चिकटवून मगच स्कॅन घेतो.

संख्याशास्त्राला कमी लेखू नका. एकाच आईची आठ पिल्लं म्हणजे आठ वेगळे उंदीर नव्हेत. एका पिंजऱ्यातले चार उंदीर एकमेकांवर परिणाम करतात. कोणाला औषध आणि कोणाला साधं पाणी, हे मोजणाऱ्याला माहीत नसावं. हे न पाळल्याने जितकी चुकीची उत्तरं आली, तितकी यंत्राच्या दोषाने आली नसतील असं माझं मत आहे. आणि एकच जनुक बदललेला उंदीर म्हणजे तो आजार, असंही समजू नका. टोरांटोच्या गटाने २०१५ मध्ये ऑटिझमशी जोडलेल्या २६ वेगवेगळ्या जातींच्या छोट्या उंदरांचे एमआरआय एकत्र तपासले. सगळ्यांत सारखा असा एकही बदल निघाला नाही. काहींत एखादा भाग मोठा, काहींत तोच लहान, आणि शेवटी तीन गट पडले. एकाच नावाखाली वेगवेगळे आजार असावेत, हा डॉक्टरांचा जुना संशय तिथे चित्रात दिसला.

गोव्यातून बाहेर पडायच्या वाटा आहेत. भारतीय विज्ञान अकादमीच्या उन्हाळी फेलोशिपमधून दोन महिने एखाद्या प्रयोगशाळेत जाता येतं. पदवीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी तरी अर्ज कराच, मी उशीर केला. पुढे बंगळूरचं निमहान्स, मानेसरचं राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र, एनसीबीएस, मुंबईचं टीआयएफआर. त्यांच्या परीक्षा वेगवेगळ्या आहेत, जीवशास्त्रासाठी जेजीईईबिल्स आणि नेट या दोन्हींकडे लक्ष ठेवा. प्राध्यापकांना पत्र लिहिताना "मला मेंदूची खूप आवड आहे" असं लिहू नका. त्यांच्या एका निबंधातलं एक चित्र निवडा आणि त्याबद्दल पडलेला खरा प्रश्न विचारा. मला आलेल्या पत्रांपैकी अशा पत्रांना मी त्याच दिवशी उत्तर देते. आणि शक्य असेल तर बांबोळीच्या ओपीडीत रुग्ण आणि त्यांची माणसं कशी बसलेली असतात, ते एकदा बघून या. मला ते घरातूनच मिळालं होतं.

प्राणी शेवटी मारावे लागतात, हे आडवळणाने सांगणार नाही. पेशी बघायच्या तर मेंदू बाहेर काढावा लागतो. ज्याला हे जमणार नाही त्याने विश्लेषणाकडे जावं, त्यात कमीपणा काही नाही. भारतात प्रत्येक प्रयोगाला संस्थेच्या प्राणी आचारसमितीची परवानगी लागते. किती प्राणी आणि का, हे 'फॉर्म बी'त लिहून द्यावं लागतं. तो फॉर्म कटकट म्हणून भरू नका. रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये सांगितलेल्या तीन गोष्टी, पर्याय शोधा, संख्या घटवा, त्रास घटवा, तुमच्या प्रयोगाला खऱ्या अर्थाने लावून बघायची तीच जागा आहे. इमेजिंगचा एक मोठा फायदाही इथेच दिसतो. पूर्वी दर टप्प्याला वेगळे प्राणी मारावे लागत. आता तोच उंदीर आधी, मध्ये आणि नंतर स्कॅन करता येतो. तुमच्या स्वतःच्या तब्येतीचंही सांगते: उंदरांच्या मुतातल्या आणि केसांतल्या प्रथिनांची ॲलर्जी या कामात खूप जणांना होते, काहींना दमा होतो. मास्क पहिल्या दिवसापासून लावा.

गेल्या चवथीला घरी होते तेव्हा आईला लंडनच्या प्रयोगाबद्दल सांगितलं. आजार नसलेल्या उंदराचाही मेंदू या औषधाने थोडा आकसतो, म्हणजे मामाच्या रिपोर्टातल्या त्या ओळीत गोळ्यांचा थोडा वाटा असू शकतो. पण त्याच गटाने पुढे सूक्ष्मदर्शकाखाली मोजलं तेव्हा चेतापेशींची संख्या घटलेली नव्हती. आणि २०१२ च्या कामात हॅलोपेरिडॉल थांबवून ८ आठवडे गेल्यावर उंदरांचा मेंदू पूर्ववत झाला होता. तिच्या चेहऱ्यावरून मला लगेच कळलं ती काय विचार करतेय, म्हणून पुढचं सांगितलं. त्या उंदरांना आजार नव्हता. औषध न घेता आजार काय करतो, हे ते उंदीर सांगूच शकत नाहीत, आणि मामाने गोळ्या सोडल्या त्या दोन्ही वेळी काय झालं ते आपण पाहिलंय. गोळ्या चालू राहतील, फेरबदल करायचा तर डॉक्टर करतील. तिने मान हलवली.

"आणि त्यांनी दुसरं कुठलं औषध नाही दिलं?"

दिलं होतं. त्याच प्रयोगात काही उंदरांना लिथियम दिलं होतं, आणि त्यांचा मेंदू ५ टक्क्यांनी वाढला होता. औषध थांबवल्यावरही बराचसा तसाच राहिला.

"मग मामाला तेच का देत नाहीत?"

मी सांगितलं, की ते प्रामुख्याने वेगळ्या आजाराचं औषध आहे, मूत्रपिंड आणि थायरॉइडवर लक्ष ठेवावं लागतं. आणि मेंदू मोठा दिसला म्हणजे तो बरा झाला, असं नसतं. लिथियममुळे एमआरआयचा संकेतच बदलतो आणि थर जाड भासतो का, यावर माणसांच्या अभ्यासांत अजून वाद चालू आहे. आईने ते सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे मोठा झाला तर चांगलं की वाईट, तेच ठाऊक नाही." जूनमध्ये माझ्याकडे नवीन विद्यार्थिनी आली तेव्हा तिला वाचायला दिलेल्या कागदावर मी सगळ्यात वर हेच वाक्य लिहून दिलं.